एकच जागा

फुटबॉलमध्ये बचावपटूला गरज पडली तर मधल्या फळीत खेळवता येतं. डाव्या बगलेचा खेळाडू उजवीकडं जातो. प्रशिक्षकाच्या मनातून उतरलेला आघाडीपटूसुद्धा शेवटची वीस मिनिटं मैदानात उतरतो आणि एखादा गोल मारून आपलं नाणं पुन्हा वाजवून दाखवतो. गोलकीपरच्या नशिबी यातलं काहीच नसतं. संघात दोन-तीन गोलकीपर असतात आणि मैदानावर जागा एकाचीच. ज्याच्याकडं ती जागा आहे त्याला दुखापत होईपर्यंत, किंवा त्याच्या हातून सगळ्यांच्या डोळ्यांवर येईल अशी चूक होईपर्यंत, बाकीच्यांनी बाकावर बसून राहायचं. आघाडीपटूची कारकीर्द गोल मोजून सांगता येते. गोलकीपरची कारकीर्द सांगायची तर ही जागा त्याला कशी मिळाली, त्यानं ती किती वर्षं राखली आणि कशी सोडली, हेच सांगावं लागतं.

आष्टा, इस्लामपूर, वाळवा या पट्ट्यातला वाचक कुस्ती आणि कबड्डी बघत मोठा झालेला असतो. कबड्डीत गडी बाद झाला की बाहेर जाऊन बसतो, पण आपल्या संघानं समोरचा गडी टिपला की तो पुन्हा आत येतो. खेळानंच त्याला दुसरी संधी ठेवलेली असते. गोलकीपरची चूक अशी भरून निघत नाही. एक चेंडू हातातून निसटला की गोल फळ्यावर चढतो, आणि नंतर त्यानं दहा चेंडू अडवले तरी तो उतरत नाही.

आष्ट्याहून कोल्हापूर जवळच. तिथं तालमींनी फुटबॉल कधीच आपलासा केला. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं तालमींची, पण लोक त्यांच्यासाठी छत्रपती शाहू स्टेडियमवर गर्दी करतात ते फुटबॉल बघायला. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. तो आघाडीचा खेळाडू. पेठेतल्या पोरांना विचारा, गोल मारणाऱ्यांची नावं तोंडपाठ असतात. गोलीचं नाव बहुतेक तेव्हाच निघतं, जेव्हा त्यानं खाल्लेला गोल चर्चेला येतो. हा अन्याय जगभर सारखाच आहे. म्हणूनच या प्रकरणात एका गोलीबद्दल सविस्तर लिहायचं आहे.

त्यांचं नाव ब्रह्मानंद शंखवाळकर. जन्म 6 मार्च 1954, पणजीला खेटून असलेल्या ताळगावचा. गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटला तो 1961 च्या डिसेंबरात, म्हणजे तेव्हा ते सात वर्षांचे. फुटबॉल गोव्यात त्याच्या कितीतरी आधी आलेला होता. 1883 मध्ये शिवोलीला एका आयरिश पाद्रीनं पोरांना तो शिकवला, अशी तिथली परंपरा सांगते. भात कापून झालं की मोकळ्या शेतात खांब रोवायचे आणि पुढचा पाऊस येईपर्यंत खेळायचं, हे गोव्याच्या गावागावांत चालत आलेलं. मुक्तीनंतर या खेळाला पैसा मिळाला तो खाणींचा. साळगावकर, धेंपो, सेसा गोवा ही लोहखनिजाच्या धंद्यातली घराणी आणि कंपन्या आपापले संघ बाळगू लागल्या. खेळाडूला पगार आणि बुटांचा खर्च सुटू लागला, आणि गावातल्या पोराला फुटबॉलवर घर चालू शकतं असं वाटू लागलं.

ब्रह्मानंद 1974 मध्ये साळगावकर क्लबात आले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथंच राहिले. सोळा-सतरा वर्षं एकाच क्लबच्या गोलात! तेव्हा भारतीय फुटबॉलची राजधानी कलकत्ता होती. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन या तीन क्लबांभोवती वर्तमानपत्रं फिरत आणि निवड करणाऱ्यांच्या नजराही तिकडंच लागलेल्या असत. देशाकडून खेळायचं तर कलकत्त्याला जावं, असा तेव्हाचा सरळ हिशेब होता. ब्रह्मानंद गोव्यात राहून भारतीय संघात पोचले. त्यांच्या कारकिर्दीत मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. आघाडीच्या खेळाडूनं लांब कुठं चार गोल मारले तर आकडा बातमीत छापून येतो. लांबच्या गोलकीपरनं चार गोल वाचवले तर ते बघायला कुणीतरी तिथं हजर असावं लागतं.

आणि भारतीय संघातल्या त्या जागेसाठी त्यांच्यासमोर भास्कर गांगुली होते. गांगुलींची गोष्ट इथं सांगायलाच हवी, कारण तीही या एकाच जागेची गोष्ट आहे. 30 सप्टेंबर 1975 ला आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालनं मोहन बागानला 5-0 असं धुतलं. मोहन बागानच्या गोलात उभा होता तरुण भास्कर. चार गोल खाल्ल्यावर त्याला बाहेर बोलावलं आणि दुसरा गोलकीपर आत गेला. कलकत्त्यात त्या सामन्याची आठवण आजही निघते. अशा दिवसानंतर कितीतरी पोरांनी हातमोजे खुंटीला टांगले असते. गांगुली पुढं त्याच ईस्ट बंगालमध्ये गेले, तिथं नाव कमावलं, आणि 1982 च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांत भारताच्या गोलात उभे राहिले ते कर्णधार म्हणून. भारत उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून अगदी शेवटच्या मिनिटांत 0-1 हरला.

म्हणजे सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून भारतीय संघाशी जोडलेल्या ब्रह्मानंदांच्या वाट्याला खेळण्याइतकंच थांबणंही आलं होतं. पुढच्याच वर्षापासून चित्र पालटलं. 1983 ते 1986 या काळात ब्रह्मानंद भारताचे कर्णधार होते. वयानं तिशीच्या आसपास. आघाडीचा खेळाडू या वयात उतरणीला लागतो, गोलकीपर मात्र याच वयात पिकतो. पाय थोडे मंदावतात, पण चेंडू कुठं येणार याचा अंदाज पक्का होतो, आणि अंदाज पक्का असेल तर उडी घ्यायची वेळच कमी येते.

संतोष करंडक तेव्हा आजच्यापेक्षा फार मोठी स्पर्धा होती. राज्याराज्यांचे उत्तमोत्तम खेळाडू तिथं भिडत. गोव्याला हा करंडक पहिल्यांदा मिळाला तो 1982-83 च्या मोसमात, बंगालबरोबर संयुक्तपणे. पुढच्या मोसमात गोव्यानं पंजाबला अंतिम सामन्यात 1-0 हरवलं आणि करंडक एकट्याच्या नावावर केला. त्या स्पर्धेत गोव्यानं एकही गोल खाल्ला नाही. फळ्यावर दिसतो तो एकच गोल, पण तो पुरेसा ठरला याचं कारण शोधायचं तर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रह्मानंदांकडं बघावं लागतं. साळगावकरनं 1988 आणि 1989 असा सलग दोनदा फेडरेशन करंडक जिंकला, तेव्हाही ब्रह्मानंद त्याच क्लबात होते.

गोलकीपरचं काम जवळून बघितलं नाही तर या आकड्यांचं वजन कळत नाही. दोन खांबांमधलं अंतर 7.32 मीटर, आडवा दांडा जमिनीपासून 2.44 मीटर. मधोमध उभं राहिलं तर दोन्ही बाजूंना साडेतीन मीटरहून जास्त जागा उघडी. ही जागा कुठल्याच माणसाच्या हातांत मावत नाही. म्हणून चांगला गोली रेषेवर उभा राहत नाही. समोरचा खेळाडू चेंडू घेऊन आत शिरला की तो दोन-चार पावलं पुढं येतो, आणि त्या खेळाडूला दिसणारा गोल लहान होतो. फार पुढं आला तर चेंडू डोक्यावरून जातो. किती पावलं, हे दर वेळी नव्यानं ठरवायचं असतं. चेंडूपासून दोन्ही खांबांकडं मनातल्या मनात दोन रेषा ओढायच्या आणि त्यांच्या मधोमध स्वतःला ठेवायचं. हे ज्याला जमलं त्याच्या अंगावर चेंडू येऊन आदळतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, नशीबवान आहे. हवेत झेप घेतलेला गोली फोटोत छान दिसतो. पण ती झेप कधीकधी आधी दोन पावलं चुकल्याची भरपाई असते.

पडणं हाही शिकायचा भाग. हिरवळीवर पडणं वेगळं आणि आपल्याकडच्या मुरमाड, तापलेल्या मैदानावर पडणं वेगळं. नवशिका पोरगा कोपरावर नाहीतर गुडघ्यावर पडतो आणि आठवडाभर चड्डी घासली तरी कळवळतो. शिकलेला गोली कुशीवर पडतो: आधी नडगीची बाजू, मग मांडी, मग कंबरेची कड, मग खांदा. दोन्ही हात तोवर चेंडूच्या मागं गेलेले असतात, आणि चेंडू जमिनीला लागला की त्याच्यावर छातीची ओंजळ होते, म्हणजे निसटला तरी तो समोरच्याच्या पायात जात नाही. या सगळ्याला अर्धा सेकंद मिळतो. पेनल्टीला तेवढाही नाही. चेंडू 11 मीटरवरून ताशी 100 किलोमीटरच्या वेगानं निघाला तर 0.4 सेकंदात रेषेवर पोचतो. चेंडू निघाल्यावर बघून झेपावू म्हटलं तर उशीर झालेला असतो, म्हणून गोलकीपर आधीच एक बाजू पकडतात. 2007 मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी 286 पेनल्ट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे 94 टक्के वेळा गोलकीपर डावीकडं किंवा उजवीकडं झेपावले होते, आणि जे थोडे मधोमध थांबले त्यांनी प्रमाणात जास्त चेंडू अडवले होते. तरीही कुणी थांबत नाही. उभं राहून गोल खाल्ला तर लोक म्हणतात, यानं प्रयत्नच केला नाही. लोकांच्या नजरेचं ओझं अंगावर घेऊन खेळायचं, हेही या जागेसोबत येतं.

1992 मध्ये एक नियम आला: आपल्याच खेळाडूनं पायानं जाणूनबुजून मागं दिलेला चेंडू गोलकीपरनं हातात घ्यायचा नाही. तोवर गोलकीपर म्हणजे हातांचा माणूस होता. त्यानंतर त्याला पायही शिकावे लागले. ब्रह्मानंद जवळजवळ पूर्ण कारकीर्द जुन्या नियमाखाली खेळले, त्यामुळं आजच्या गोलकीपरशी त्यांची थेट तुलना करण्यात अर्थ नाही.

गोलकीपरला देशाचा नायक मानायची रीत बघायची तर स्पेनकडं वळावं लागतं. तिथल्या लीगमध्ये सामन्यामागं सर्वांत कमी गोल खाणाऱ्याला दरवर्षी करंडक मिळतो, आणि तो रिकार्दो झामोरा या गोलकीपरच्या नावानं दिला जातो. झामोरा बार्सिलोनात 1901 साली जन्मलेले. 21 जून 1936 ला व्हॅलेन्सियाच्या मेस्तया मैदानावर रेआल माद्रिद आणि बार्सिलोना यांच्यात स्पॅनिश चषकाचा अंतिम सामना होता. माद्रिद 2-1 नं पुढं, पण त्यांचे दहाच खेळाडू उरलेले. शेवटच्या क्षणी बार्सिलोनाच्या एस्कोलानं खांबाच्या बुडाशी फटका मारला. मैदान कोरडं ठाक, धुळीचा असा लोट उठला की गोल झाला की नाही, कुणालाच दिसेना. धूळ खाली बसली तेव्हा झामोरा चेंडू हातात धरून उभे होते. महिन्याभरात स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटलं. झामोरांना तुरुंगात टाकलं गेलं, ते मारले गेल्याच्या अफवा उठल्या, आणि शेवटी ते सुटून फ्रान्सला गेले.

अलीकडच्या काळात नायकाचं हे स्थान मिळालं इकेर कासियासला, आणि त्याची कारकीर्द तर या एकाच जागेच्या येण्या-जाण्याचीच आहे. 20 मे 1981 चा जन्म, माद्रिदजवळच्या मोस्तोलेसचा. सोळाव्या वर्षी शाळेच्या वर्गात बसलेला असताना रेआल माद्रिदच्या मोठ्या संघासोबत नॉर्वेला जायचं बोलावणं आलं. अठराव्या वर्षी तो पहिला सामना खेळला, पण 2002 पर्यंत जागा सेसार सान्चेसकडं गेलेली होती. 15 मे 2002 ला ग्लासगोत चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना चालू असताना 68 व्या मिनिटाला सेसार जखमी झाला. कासियास बाकावरून उठून आत गेला आणि शेवटच्या मिनिटांत त्यानं लेव्हरकुसेनचे फटके एकामागून एक अडवले. त्याच महिन्यात स्पेनच्या संघाचा पहिला गोलकीपर सान्तियागो कान्यिसारेस याच्या हातून हॉटेलात दाढीनंतर लावायच्या अत्तराची बाटली निसटली. काच पायावर पडली, स्नायूबंध तुटला, आणि त्याचा विश्वचषक तिथंच संपला. त्याच्या जागी कासियास खेळला. आयर्लंडविरुद्ध त्यानं सामन्यात एक आणि शूटआउटमध्ये दोन पेनल्ट्या अडवल्या. कान्यिसारेसनं काहीही चुकीचं केलेलं नव्हतं.

पुढची दहा वर्षं कासियासची. 2008 आणि 2012 चा युरोपीय चषक, 2010 चा विश्वचषक, तिन्ही वेळा तो कर्णधार. 2010 च्या अंतिम सामन्यात गोलफलक कोरा असताना 62 व्या मिनिटाला नेदरलँड्सचा आर्येन रॉबेन एकटा त्याच्यासमोर आला. कासियास एका बाजूला झेपावला, चेंडू दुसऱ्या बाजूला निघाला, पण मागं राहिलेल्या उजव्या पायाच्या टोकाला लागून बाहेर गेला. मग 2012 च्या डिसेंबरात माद्रिदचा प्रशिक्षक मोरिन्योनं त्याला बाकावर बसवलं. जानेवारीत आपल्याच सहकाऱ्याची लाथ लागून हात मोडला, क्लबनं दिएगो लोपेसला आणलं, आणि हात बरा झाला तरी जागा लगेच परत मिळाली नाही. ज्या वाटेनं ती जागा 2002 मध्ये त्याच्याकडं आली होती, त्याच वाटेनं ती गेली. 725 सामने खेळून 2015 मध्ये त्यानं माद्रिद सोडलं. पोर्तो क्लबात असताना 1 मे 2019 ला सरावात हृदयविकाराचा झटका आला, आणि पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला.

आपल्या ब्रह्मानंदांकडं सन्मान उशिरा आले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो 1997 मध्ये, भारताच्या कर्णधारपदाची वर्षं संपून अकरा वर्षं झाल्यावर. याआधी 1967 मध्ये तो मिळाला होता 1956 आणि 1960 च्या ऑलिम्पिकला गेलेल्या पीटर थंगराज या गोलकीपरना. त्याच दोन ऑलिम्पिकच्या संघांत दुसरे गोलकीपर होते मुंबईत खेळलेले एस. एस. नारायण. आज महाराष्ट्रात ते नाव किती जणांना ओळखीचं आहे? ब्रह्मानंदांना पद्मश्री जाहीर झाली 2022 मध्ये, वयाच्या अडुसष्टीत. सन्मान झाला हे चांगलंच. पण चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी त्यांना गोलात उभं राहिलेलं बघितलं, त्यातले कितीतरी तोवर गेलेले होते, आणि नव्या पिढीला दाखवायला त्या सामन्यांचं चित्रण फारसं नाही. आघाडीपटूंच्या गोष्टी निदान आकड्यांतून उरतात. गोलकीपरनं काय वाचवलं ते कुठंच लिहिलेलं नसतं. म्हणून कोल्हापूर-सांगलीकडच्या जुन्या प्रेक्षकांनी आपापल्या तालमींच्या गोलींबद्दल आठवतं ते लिहून ठेवावं, असं मला फार वाटतं.

आता बाकावरच्या माणसाविषयी. दुसऱ्या गोलकीपरचं रोजचं काम म्हणजे पहिल्याला तयार करणं. सामन्याआधी पहिल्याच्या हातांवर चेंडू मारून त्याला गरम करायचं, सरावात त्याच्या कच्च्या बाजूला फटके ठेवायचे, आणि हे सगळं ज्या जागेवर आपला डोळा आहे त्या जागेवरच्या माणसासाठी. 2010 च्या विश्वचषकात कासियासमागं स्पेनकडं व्हिक्टर वाल्देस आणि पेपे रेइना होते. वाल्देसनं झामोरा करंडक पाच वेळा जिंकला, त्यातला एक त्याच 2010 च्या मोसमात. विश्वचषकात त्याला एक मिनिटही खेळायला मिळालं नाही. रेइनालाही नाही. पण उपांत्यपूर्व फेरीत पॅराग्वेविरुद्ध 0-0 असताना ऑस्कार कार्दोसो पेनल्टी घ्यायला आला. त्या एप्रिलमध्ये लिव्हरपूलकडून खेळताना रेइनानं याच कार्दोसोच्या दोन पेनल्ट्या खाल्ल्या होत्या, आणि तो चेंडू कुठं मारतो हे त्याच्या पक्कं ध्यानात होतं. त्यानं ते कासियासला सांगून ठेवलेलं. कासियास डावीकडं पडला आणि चेंडू छातीशी धरला. स्पेननं तो सामना 1-0 जिंकला. सामना संपल्यावर पेनल्टीबद्दल विचारलं तेव्हा कासियासनं रेइनाचे आभार मानले.